सरावाचं पाणी

सातपुडा उशाशी असूनही जळगाव जामोद तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी इतकं खारं, की त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि किडनीच्या आजारानं इथं माणसं गेली आहेत. तरी पिढ्यानपिढ्या लोक तेच प्याले. वान धरणाचं पाणी नळाला आलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका म्हातारीनं पहिला पेला अर्धाच ठेवला. ‘पानी गोडं हाय, पन घशाले लागत नाही बाप्पा,’ म्हणाली आणि विहिरीच्या पाण्याची कळशी पुढं ओढली. सरावाचं असंच असतं. जे आतून पोखरतं, त्याचीच जिभेला चटक लागते.

उपवासकाळ आला की मला ती कळशी हटकून आठवते. बाप्तिस्म्याला काही मिनिटं पुरतात. सवयी मात्र त्या पाण्यात वाहून जात नाहीत. जुना माणूस उतरवून ठेवा, असं पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलं. ही मंडळी विश्वासात आधीच आलेली होती! सांगणं बाहेरच्यांना नव्हतं, आपल्यासारख्यांना होतं.

मराठीत याचा सर्वांत प्रांजळ दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उन्हात आला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. माहेरी वडील मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणारे. ते सोवळं हाडीमासी खिळलेलं. पुढं त्यांच्याच मनानं त्यांना अडवलं. ही जात देवानं केली की माणसानं? विचार करता करता उत्तर हाती आलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. कुणी मागं लागून ते सोवळं सुटलेलं नाही. त्यांना सत्य पटलं आणि हात आपोआप मोकळा झाला.

सोडण्याच्या भरात चांगलंही फेकलं जातं, हेही सांगितलं पाहिजे. मिशनच्या काळात परक्या चालींची गाणी देवळात आली तेव्हा आपली ओवी आणि अभंग उंबऱ्याबाहेर राहिले. टिळकांनी ते हाताला धरून आत आणले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही याच ओढीनं. टाळ, पेटी, भजन हे आपलं आहे आणि ख्रिस्ताला त्याचं वावडं नाही.

त्याला वावडं आहे ते अढीचं. वऱ्हाडात सख्खे भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तुटतात. नांगराचं एक तास इकडं सरकतं, दोन-चार तुरीची झाडं कोणाची यावर शब्द वाढतो, मग मोजणी, मग कोर्टाची तारीख. वर्षं जातात. लग्नाच्या पत्रिकेतून नाव गळतं, पोरं एकमेकांना ओळखत नाहीत. आणि रविवारी दोघंही एकाच देवळात, दोन टोकांच्या बाकांवर, त्याच भाकरीचा तुकडा हातात घेतात. दारू सोडलेला माणूस मंडळीत उभा राहून साक्ष देतो, आपण आनंदानं ऐकतो. धुऱ्याचा राग सोडल्याची साक्ष मात्र मी अजून ऐकलेली नाही. माझ्या मते तीच सवय सर्वांत चिवट, कारण तिला आपण न्याय म्हणतो.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत मिळालेल्या नव्या करारातला डोंगरावरचा उपदेश वाचून टिळकांच्या मनानं वेगळी वाट धरली. त्याच उपदेशात येशूनं सांगितलंय, की अर्पण वेदीपुढं तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. तेव्हा या रविवारी प्रभुभोजनाला येणार असाल, तर शनिवारीच धुरा ओलांडून भावाच्या घरी जा. मोजणीचा कागद सोबत नेऊ नका. त्यानं चहा पुढं केला तर प्या, आणि नाही बोलला तर पुढच्या शनिवारी पुन्हा जा.