बिदरहून बिडदीकडे

गेल्या वैशाखात बिदरहून कलबुर्गीस जाण्याचा योग आला. 2017 पासून या दोन शहरांमध्ये थेट आगगाडी धावते. परंतु वाटेत हुमनाबादेस एका स्नेह्यांची भेट घ्यावयाची असल्यामुळे मी भाड्याची मोटार केली. मोटार टोयोटा कंपनीची, जुनी ‘क्वालिस’. मालक हाच तिचा सारथी. शेजारी त्याचा नुकताच दहावी उतरलेला मुलगा बसला होता.

महमूद गवानाने 1472 साली उभारलेला मदरसा मागे पडला. जांभ्या दगडाचे तांबडे पठार हळूहळू सरून तुरीची काळी जमीन दिसू लागली. पीक केव्हाच निघून गेले होते. रान भेगाळून पावसाची वाट पाहत होते. या सीमाभागात वाक्य मराठीत सुरू होते, मध्येच दखनी होते आणि कन्नडमध्ये संपते. आमचेही संभाषण तसेच चालले होते.

एका चढावर मोटार न कुरकुरता वर गेली, तेव्हा मी तिचे कौतुक केले. मुलगा चटकन म्हणाला, “गुरुजी, डिझेलचं इंजिन आहे. याला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते, की तापून लाल व्हावी तशी होते. त्यात तेल फवारलं, की आपोआप पेट घेतं.” रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली यशस्वी करून दाखविलेले तत्त्व त्या पोराने दोन वाक्यांत सांगितले! मंद गतीतही ओझे ओढण्याची ताकद असल्यामुळेच ट्रक आणि शेतावरचे पंप या इंजिनावर चालत आले आहेत.

बाप मात्र गंभीर होता. तो म्हणाला, “गुरुजी, याला बिडदीच्या शाळेत जायचंय. आई रडते. सोळा वर्षांचं पोर, एवढ्या लांब! तुम्हीच सांगा, पाठवू का?”

बिदर आणि बिडदी, नावे सख्ख्या बहिणींसारखी. पण बिडदी आहे राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बेंगळुरूच्या पलीकडे. टोयोटा आणि किर्लोस्कर यांचा मोटारींचा कारखाना तेथे आहे. त्यांची कंपनी 1997 साली स्थापन झाली, 2000 साली ‘क्वालिस’ आली आणि 2005 साली तिची जागा ‘इनोव्हा’ने घेतली. 2007 पासून तेथेच खेड्यांतील गरीब मुलांसाठी तीन वर्षांचे निवासी तंत्रशिक्षण दिले जाते.

मी त्याला एक जुनी हकिकत सांगितली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केले आणि 1910 साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तिकडे जपानात साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा हातमाग सुधारीत बसला. त्याच्या मुलाच्या पुढाकाराने 1935 साली पहिला ट्रक तयार झाला. एकाने शेतकऱ्याचे कष्ट पाहिले, दुसऱ्याने विणणाऱ्या आईचे. शंभर वर्षांनी दोन्ही घराणी बिडदीस एकत्र आली, यात नवल ते काय?

“म्हणजे पाठवू म्हणता?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “निर्णय तुम्हा मायबापांचा. पण तो जाणार आहे तो घर सोडून नव्हे, हात शिकवायला. एकदा त्याच्या आईला घेऊन तेथे जा. राहण्याजेवण्याची सोय स्वतः पाहा, मग ठरवा.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. कमलापूरच्या अलीकडे आम्ही पाण्यासाठी थांबलो. निघताना बापाने इंजिनाचे झाकण उघडले आणि तेल पाहण्याची पट्टी मुलाच्या हाती दिली. “बघ रे, आजपासून हे तुझं काम. जाईपर्यंत.”

त्या शेवटच्या शब्दावर मुलाने मान वर केली. वाचकहो, कलबुर्गीचा किल्ला मी नंतर पाहिला. परंतु त्या प्रवासातील माझ्या लक्षात राहिले ते त्या मुलाचे डोळे.