बाबांच्या पेटीतली पुस्तिका



आज पिकाची नोंद कमी आणि माझ्या चुकीची जास्त.

घोडबंदरला खाडीच्या अंगाला आमचं २० गुंठे भातशेत उरलंय. बाकी चहूबाजूंनी इमारती. गेल्या जुलैत लावणीनंतर १२-१५ दिवसांनी खाडीकडच्या कोपऱ्यातली रोपं शेंड्याकडून जळायला लागली. मी काय केलं? मोबाईल काढला. दीड मिनिटाच्या व्हिडिओत एक जण सांगत होता, भात पिवळा पडला की युरिया टाका. टाकला. आठवड्यात कोपरा आणखीच बसला.

आई म्हणाली, "बाबांची पेटी बघितलीस का?"

पेटीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची खार जमिनीवरची जुनी पुस्तिका होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यात सरळ लिहिलेलं: क्षार वाढले की पानांचे शेंडे जळतात, रोपं जागोजागी मरतात. लहान रोप आणि फुलोरा, या दोन वेळा भात क्षाराला फार हळवा. उपाय म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवायचं, ओहोटीला काढायचं, पुन्हा साठवायचं. बाजूला बाबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आधी उघाडी बघ."

गेलो बघायला. उघाडीची फळी कुजलेली, उधाणाचं पाणी आत येत होतं. फळी बदलली, चार वेळा पाणी बदललं. निम्मा कोपरा वाचला, निम्मा गेला.

व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. नत्र कमी पडलं तरी भात पिवळा पडतो, पण तेव्हा खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. हा फरक त्यानं सांगितला नाही आणि मलाही थांबून विचारायचं नव्हतं. पुस्तिकेनं मला थांबवलं. मागचं पान उलटून बघितलं, शेतात जाऊन ताडून पाहिलं.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतातलं पाणी आणि माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालायचा विचार त्यात आहे. तो त्यांनी मुंबई, पुणे, जुन्नर आणि आपल्या ठाण्यातही लोकांना वाचून दाखवला होता. तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून ते ऐकत. आमच्या घरात सगळे शिकलेले, पण वर्षभरात एक पुस्तक कुणी पुरं केलं नव्हतं.

आता रविवारी जेवणं झाली की पोरगा दोन पानं मोठ्यानं वाचतो. आई मधेच थांबवून "आपल्याकडं असं नाय होत" म्हणते. तेही मी समासात लिहितो, तारखेसकट.

कृषी अधिकारी नि शास्त्रज्ञ मंडळींना एकच विनंती: साध्या मराठीतल्या, मोठ्या अक्षरांच्या पुस्तिका छापायचं थांबवू नका.

आणि शेतकरी भावांनो, तुमच्या घरच्या पेटीत काय आहे? एकदा उघडून बघा आणि खाली सांगा.