धीर देणे, धीर धरणे

मराठी वाक्प्रचारांचा पाठ घेताना एक गोष्ट दरवर्षी नव्याने जाणवते. आपल्या भाषेत मनाला स्वतंत्र घर नाही. ते शरीरातच बिऱ्हाड करून राहते. भीती वाटली की पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात. वाईट बातमी ऐकली की काळजात धस्स होते. रागाने पित्त खवळते. अपमान गिळावा लागतो आणि मग तो पचत नाही. वर्गात आपण ही सारी लक्षणेची उदाहरणे म्हणून सांगतो, मुख्यार्थाचा बाध समजावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. अलीकडे मात्र मला वाटू लागले आहे की यांतल्या पुष्कळ वाक्प्रचारांत मुख्यार्थाचा बाध फारसा होतच नाही. ती बरीचशी साधी वर्णने आहेत.

वॉल्टर कॅनन हा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ १८९७ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पचनक्रियेचे निरीक्षण करत होता. मांजर बिथरले की त्याच्या जठराची हालचाल थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई, असे त्याला आढळले. वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर त्याने १९१५ मध्ये ग्रंथच लिहिला. संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. छातीचे ठोके वाढतात, त्वचेकडचे रक्त स्नायूंकडे वळते, लाळ आटते, पचन थबकते. म्हणजेच हातपाय गार पडतात आणि तोंडाला कोरड पडते. आपल्या आज्या-पणज्यांनी क्ष-किरणांवाचून हे टिपून ठेवले होते. शिवाय त्यासाठी वाघ समोर असावा लागत नाही, वाघाचा विचार पुरतो. विचार शरीरात उतरतो तो असा.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. 'आधिव्याधी' हा जोडशब्द आपण सहज वापरतो. त्यातली आधी मनाची, व्याधी देहाची. भाषेने दोघींना एकत्र नांदवले आहे. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेने विषादाला अग्रस्थान दिले आहे. येथे शब्द महत्त्वाचा आहे. विषाद रोग वाढवतो असे चरक म्हणतो; जो रोगी आहे त्याने विषाद करून तो ओढवून घेतला, असा त्याचा अर्थ होत नाही.

आम्हा शिक्षकांना अंतर्मुख करील असा एक प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर एकाच मापाच्या दोन छोट्या जखमा करण्यात आल्या, एक उन्हाळी सुट्टीत आणि दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातली जखम भरून यायला सरासरी तीन दिवस अधिक लागले. सुट्टीतल्याइतक्या वेगाने परीक्षेच्या वेळी एकाचीही जखम भरली नाही. तरुण, निरोगी मुले, जखम तीच, तोंडही तेच. बदलला होता तो मनावरचा भार आणि त्याबरोबर येणारी जागरणे. मार्च महिन्यात परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षण करताना हा प्रयोग मला हटकून आठवतो.

इथवर कुणाचा वाद नसावा. वाद पुढच्या पायरीपासून सुरू होतो. काळजी शरीराला बाधते, त्या अर्थी काळजी न करणारा बरा होईल, आणि जो बरा झाला नाही त्याने पुरेसा चांगला विचार केला नसेल, असे अनुमान आपण नकळत करून बसतो. नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकाचे सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरील पुस्तक १९५२ मध्ये निघाले आणि त्या वाटेने नंतर किती पुस्तके आली याची गणती नाही. आपल्याकडे बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरही ती मांडलेली असतात. ती वाचून कुणाला चार दिवस उभारी येत असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु पुस्तकातला उपदेश रुग्णाच्या खाटेपाशी पोचला की त्याचे काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, २०१७ च्या पावसाळ्यात स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तोवर तो हाडांत पसरला होता. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणसे प्रेमाने येत, फळे आणत, आणि उठताना प्रत्येकजण एकच वाक्य बोले : "वहिनी, पॉझिटिव्ह राहा बरं का! निम्मं दुखणं मनाचंच असतं." वहिनी हसून मान डोलवत. त्यांचा स्वभाव मिस्कील होता. एकदा पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "गंमतच आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की वाईट, आणि माणसानं मात्र पॉझिटिव्ह राहायचं!"

पण एका रात्री त्यांच्याजवळ झोपायची माझी पाळी होती. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "खरं सांग, माझ्या मनात सारखं वाईट येतं, म्हणून तर हे वाढत नसेल ना?" केमोथेरपीची मळमळ, हाडांतला ठणका, धाकट्या मुलाची दहावी, एवढे सारे होतेच. त्यावर आता स्वतःच्याच मनावर चोवीस तास पहारा ठेवण्याचे हे नवे काम त्यांच्यामागे लागले होते. रडू आले तर त्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडत. भीती वाटायची ती वाटतच होती. तिच्यात भीती वाटल्याच्या अपराधाची भर पडली होती. मी त्यांना म्हटले, "नाही वहिनी, तसं काही नसतं." त्या वेळी ते मी आपुलकीने बोलले. पुढे वाचनातून कळले की माझ्या बोलण्याला आधार होता.

डेव्हिड स्पीगेल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचा शोधनिबंध १९८९ मध्ये गाजला. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या शहाऐंशी स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र जमून मन मोकळे करत, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या, असे त्यात दिसले होते. साऱ्या जगाला आनंद झाला. पण २००१ मध्ये कॅनडात दोनशे पस्तीस स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगेलने तो प्रयोग पुन्हा केला, त्यातही एकंदरीत तो लाभ दिसला नाही. त्याच वर्षी डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या एक हजार त्र्याण्णव रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. मन प्रसन्न असण्या-नसण्याचा आणि किती काळ जगलो याचा संबंध तिच्यात लागला नाही.

मग त्या स्त्रियांचे एकत्र जमणे वाया गेले काय? मुळीच नाही. कॅनडातल्या स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही, पण त्यांच्या वेदना आणि मनाचा त्रास कमी झाला, विशेषतः ज्या अधिक त्रासात होत्या त्यांचा. विचारांची पोच कुठवर आहे, हे यावरून कळते. दम्याच्या रुग्णांवर २०११ मध्ये झालेला एक प्रयोग ही सीमारेषा अधिक स्पष्ट करतो. खऱ्या औषधाने श्वसनाची क्षमता वीस टक्के वाढली. औषध नसलेल्या फवाऱ्याने, तसेच काहीच न दिल्यानेही ती सुमारे सातच टक्के वाढली. पण किती बरे वाटले असे विचारल्यावर खरा आणि खोटा फवारा घेतलेल्यांची उत्तरे जवळजवळ सारखी आली. श्वास कोंडल्याची जाणीव आशेने हलकी केली; श्वासनलिका उघडल्या त्या औषधाने. ज्याला ही रेषा दिसत नाही, तो एक तर मनाला तुच्छ लेखतो किंवा औषध सोडून देतो. दम्यात दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

सुझन सॉन्टॅग या लेखिकेने स्वतःच्या कर्करोगानंतर, १९७८ मध्ये, आजाराला रूपक बनवण्याच्या सवयीवर एक पुस्तक लिहिले. तिचे म्हणणे असे की ज्या रोगाचे कारण आणि उपाय ठाऊक नसतात त्याच्यावर समाज अर्थ लादतो. क्षयाला एके काळी हळव्या, उत्कट माणसाचा रोग मानत. नंतर भावना दाबणाऱ्याचा रोग म्हणून कर्करोगाची वर्णी लागली. क्षयाचा जंतू सापडला, औषध सापडले आणि ते सारे काव्य ओसरले. साहित्याच्या अभ्यासकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, कारण रूपकाचे सौंदर्य शिकवणारे आपण रूपकाने होणारी इजा क्वचितच शिकवतो.

ती इजा मी ऐकली आहे. वहिनी २०१९ च्या आरंभी गेल्या. तेराव्याला पंगत उठल्यावर ओटीवर पानसुपारी चालली असता कुणीतरी हळहळत म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांनी मनच सोडलं हो. नाहीतर निघाल्या असत्या यातून." बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. पण जवळच त्यांचा धाकटा मुलगा बसला होता. आईने मन सोडले, म्हणजे ठरवले असते तर ती राहिली असती, एवढाच अर्थ सतरा वर्षांच्या मुलाने त्यातून घेतला. तो काढून टाकायला आम्हाला फार दिवस लागले. गेलेल्या माणसावर ठेवलेला असा ठपका त्याला खोडता येत नाही. 'आनंद' हा १९७१ सालचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. हसऱ्या रुग्णाची आपल्या मनातली प्रतिमा बरीचशी त्यातूनच आली आहे. तो आनंदही शेवटी मरतोच, आणि त्याने नीट हसले नाही म्हणून असे कुणी म्हणत नाही.

तेव्हा सकारात्मक विचारांना काही मोल नाही, असा निष्कर्ष काढावा काय? मला तसे वाटत नाही. प्रश्न आहे तो त्यांचा कर्ता कोण हा. आतड्यांच्या एका चिवट विकाराच्या दोनशे बासष्ट रुग्णांचे २००८ मध्ये तीन गट केले गेले. पहिल्याला नुसते प्रतीक्षेत ठेवले. दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुयांचा उपचार मिळाला, पण उपचार करणारा मोजकेच बोले. तिसऱ्याला तोच खोटा उपचार मिळाला; मात्र उपचार करणाऱ्याने आस्थेने चौकशी केली, ऐकून घेतले, धीर दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असे सांगणारे अनुक्रमे अठ्ठावीस, चव्वेचाळीस आणि बासष्ट टक्के होते. सुया त्याच होत्या. वाढलेला आराम बोलण्याचा आणि ऐकण्याचा होता. याची उलट बाजू २०१० च्या एका पाहणीत दिसते. बाळंतपणात पाठीत भूल देण्याआधी जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देताना "मोठ्या मधमाशीच्या डंखासारखे दुखेल" असे ज्या स्त्रियांना सांगितले, त्यांना ते अधिक दुखले. "जागा बधिर होईल, तुम्हाला त्रास होणार नाही" असे ज्यांना सांगितले, त्यांना कमी. सुई एकच, वाक्ये दोन.

म्हणजे रुग्णाचे विचार एकट्या रुग्णाचे नसतात. आसपासच्या माणसांनी उच्चारलेल्या शब्दांतून ते बनत असतात. आपल्या भाषेला हेही ठाऊक आहे. 'पॉझिटिव्ह राहा' या वाक्यात एकच माणूस आहे, आणि तोही आजारी. बोलणारा आज्ञा देऊन मोकळा होतो. याउलट आपला जुना शब्द आहे 'धीर'. धीर धरतात, धीर सुटतो, आणि मुख्य म्हणजे धीर देतात. या देण्याला दोन माणसे लागतात. 'दिलासा'ही द्यावाच लागतो. 'देणे' हे द्विकर्मक क्रियापद; कुणाला आणि काय, ही दोन्ही कर्मे भरल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. व्याकरणाच्या तासाला मी हे अनेकदा सांगितले होते. त्याचा अर्थ वहिनींच्या आजारपणात कळला.

शेजारच्या मावशी अधूनमधून येत. त्यांनी कधी उपदेश केला नाही. एकदा मटाराच्या शेंगा घेऊनच आल्या आणि खाटेशेजारी बसून सोलू लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "रात्री भीती वाटत असेल ना गं?" वहिनी म्हणाल्या, "वाटते." "वाटणारच. मी झोपते आज इथं." त्या रात्री वहिनींना झोप लागली. त्याने त्यांचे आयुष्य वाढले असे मी म्हणणार नाही. सकाळी त्यांनी अर्धी वाटी खीर खाल्ली आणि दवाखान्यात जायला कुरकुर केली नाही, एवढे मी पाहिले. आशेने माणसाला झोप लागते, अन्न जाते, औषध वेळेवर घेतले जाते, दुखणे सोसवते. हे थोडे नाही. चांगल्या विचारांचे मोल एवढे मानले तरी पुरेसे आहे. त्यांच्याकडून चमत्कार मागितला की त्यांचा दंडुका होतो.

शब्दशक्तीचे विवेचन आपण परीक्षेपुरते करतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना यांच्या व्याख्या विद्यार्थी घोकतात आणि विसरतात. पण पुढे त्यांतले काही परिचारिकांचे भाऊ असतील, रुग्णांच्या मुली असतील, आणि एक दिवस सगळेच कुणाच्या तरी खाटेपाशी बसतील. तिथे काय बोलावे आणि कधी नुसते ऐकावे, हे भाषेच्या शिक्षणात बसते असे मला वाटते. अभ्यासक्रमात ते नसले तरी एखाद्या तासाला दहा मिनिटे काढून सांगता येते. यंदापासून मी ते सांगू लागले आहे.