सर्व्हे नंबरामागचं गाव

राजपत्रातला झोनबदलाचा तक्ता वाचून व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, चौरस मीटरमधलं क्षेत्र, जुना झोन, नवा झोन. ऑर्चर्डच्या जागी सेटलमेंट. काय बदललं ते कळतं, का बदललं ते मात्र कळत नाही.

ऑर्चर्ड म्हणजे काजूचं, नारळाचं भाट. सेटलमेंट म्हणजे घरं, बंगले बांधायला मोकळी झालेली जमीन. एवढा एक शब्द बदलला की त्याच मातीचा भाव कितीतरी पटींनी चढतो. मालकाने त्यासाठी घाम गाळलेला नसतो. ही वाढलेली किंमत सरकारी सहीतून आलेली असते. म्हणून ती सही कोणत्या कारणाने झाली, हे विचारायचा हक्क डोंगराखाली शेत करणाऱ्या प्रत्येकाला आहे, असं मी मानते. डोंगर कापला की पहिल्याच पावसात तांबडी माती त्याच्याच वाफ्यात उतरते.

गोव्याने हा प्रश्न पूर्वी मोठ्या आवाजात विचारला आहे. 2006 साली प्रादेशिक आराखडा 2011 जाहीर झाला. डोंगर आणि शेतं बांधकामाला खुली होताहेत हे लोकांच्या लक्षात आलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्याच्या कृती गटात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. त्या वेळी गावागावांतून सूचना मागवल्या गेल्या. तो आराखडाही निर्दोष नव्हता, पण गावाचा नकाशा गावासमोर आला होता. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही ओहोळ कुठून वाहतो ते सांगू शकत होते.

2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) आलं. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन दुरुस्त करायचे, हा त्याचा सांगितलेला हेतू. चुका असतीलच, आणि ज्याचं जुनं घर नकाशात शेत म्हणून दाखवलं गेलं त्याला न्याय मिळायलाच हवा. पण अर्ज एकेका मालकाचा आणि निर्णय एकेका तुकड्याचा होऊ लागला. शेजाऱ्याची हरकत ऐकून घेण्याची सोय त्यात नव्हती. 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ मर्यादित केला. मला तो निकाल वाचून फार बरं वाटलं.

त्याआधीची आमची एक ग्रामसभा मला आठवते. रविवार होता, पंखे फिरत होते तरी उकडत होतं. भाटाला लागून शेत असलेल्या एका वयस्क बाईंनी उभं राहून विचारलं, “वरचं भाट कधी बदललं? आम्हाला कोणी सांगितलं नाही.” सरपंच म्हणाले, “बाय, ते पणजीहून होतं. पंचायतीकडे कागदच आला नाही.” ते खरंच बोलत होते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. ज्यांना गाव निवडून देतं त्यांनाही गावातल्या जमिनीचं काय झालं हे राजपत्रातून समजावं!

शोधायचं म्हटलं तर वाटा आहेत. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे जमिनीच्या खरेदीखतांची नोंदवही फी भरून कोणालाही पाहता येते. माहितीचा अधिकार तर त्याहून पुढे जातो. त्या कायद्याचं कलम 4 सांगतं की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची तथ्यं सरकारने आपणहून प्रसिद्ध करावीत आणि बाधितांना कारणं द्यावीत. माझं मागणं एवढंच आहे की जमीन विकत घेतल्याची तारीख, झोन बदलण्यासाठी अर्ज केल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख एका कागदावर शेजारी-शेजारी छापा. व्यवहार सरळ असेल तर या तीन तारखाच त्याची बाजू मांडतील. सरकार किंवा पालिका स्वतः जमीन घेते तेव्हा तर हे दुपटीने लागू आहे, कारण पैसा आपला असतो. मूल्यांकन कोणी केलं, आणि झोन खरेदीआधी बदलला की नंतर, यावर लाखोंचा, कधी कोटींचा फरक पडतो.

नगरनियोजन कायद्यात 2024 मध्ये झोनबदलासाठी आलेल्या कलम 39A मध्ये निदान हरकतींसाठी तीस दिवस आहेत. पण नोटीस पुन्हा सर्व्हे नंबरांचीच. गावात जमीन नंबराने कोण ओळखतं? देवळामागचं भाट, तळीवरचं शेत, मानशीजवळचा बांध अशी ती ओळखली जाते. म्हणून येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. झोनबदलाची प्रत्येक नोटीस नकाशासह, जागेच्या वहिवाटीतल्या नावासह, मराठीत आणि कोकणीत पंचायतीच्या फलकावर लागावी, आणि तीस दिवस ती लागल्या दिवसापासून मोजावेत. अनुमोदन द्यायला त्या बाई तयार आहेत.