चढा पंचम

सुरांच्या आधी मला लाऊडस्पीकरची घरघर ओळखता यायला लागली. मिरजेत आमच्या काकांचा स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न, बारसं, गणपती, निवडणूक, जिथं चार माणसं जमतील तिथं त्यांचे कर्णे जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की वायरची भेंडोळी सांभाळायला मी. अँप्लिफायरचं बटण दाबलं की आधी घरघर यायची आणि मग काकांचं "हॅलो, माइक टेस्टिंग". सनईची रेकॉर्ड लागली की घरघर तिच्याखाली झाकली जायची, आणि झाकली म्हणजे संपली असंच सगळे धरून चालायचे. मी कधी विचारलं तर काका म्हणायचे, "अरे, घरघर आहे म्हणजे मशीन जिवंत आहे."

एका ठिकाणी मात्र ती झाकली जायची नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. रात्र चढली, तंबोरे जुळले की कर्ण्यातून येणारी ती घरघर तंबोऱ्याच्या शेजारी येऊन बसायची. मला ती खुपायची नाही. उलट तंबोऱ्याला चार तारा असतात हे माहीत असूनही मी तिला पाचवी धरायचो. तसं का वाटत होतं, याचं उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळालं, आणि तेही गाण्याच्या पुस्तकात नव्हे.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना घरघरीला वंशावळ असते हे कळलं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून, किंवा अर्थिंगच्या वेटोळ्यातून जी घरघर शिरते ती ५० हर्ट्झची: गोल, खोल, पोटातून आल्यागत. पॉवर सप्लायमध्ये ब्रिज रेक्टिफायर लाटेचा खालचा अर्धा भाग उचलून वर करतो, त्यामुळे तिथून येणारी घरघर १०० ची. ती खरखरीत असते, कारण फिल्टरचा कन्डेन्सर लाटेच्या शिखराशी क्षणभरच, पण झपाट्यानं भरून घेतो, आणि त्या झटक्याला कडा असतात. हा फरक कानाला कळला की मीटर हातात घेण्याआधीच अर्धा तपास होतो. पुढं पुण्यात कारखान्यात मेंटेनन्सला असताना मोटारी, पॅनेल, ड्राइव्ह यांच्या बाबतीतही मी आधी ऐकायचो, मग उघडायचो. रविवारी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत चक्कर असायची. मुंबईला गेलो तर लॅमिंग्टन रोडला. घेण्यासारखं काही नसलं तरी रेझिस्टरचा एखादा मूठभर पुडा खिशात यायचाच.

निवृत्त होऊन मिरजेला परतलो तेव्हा शेजारच्या गुरुजींनी विषय काढला. त्यांचा एक शिष्य न्यू जर्सीत असतो. त्याच्यासाठी काही बंदिशी नीट रेकॉर्ड करायच्या होत्या. माइक होता, लॅपटॉप होता, मधला दुवा नव्हता. तयार डबा काही हजारांत मिळतो हे मला ठाऊक होतं, तरी मी म्हणालो, "गुरुजी, मी करून देतो." माझं घरघरीशी जुनं देणंघेणं होतं.

माइकचा प्रीअँप ही वस्तू समजायला सोपी आणि करायला चिवट आहे. साध्या डायनॅमिक माइकसमोर मोठ्यानं गायलं तरी त्याच्या कॉइलमध्ये दोनएक मिलिव्होल्ट तयार होतात. नुसतं बोललं तर त्याचाही अगदी लहानसा अंश. पुढच्या यंत्राला लागतो एक व्होल्टच्या आसपास. म्हणजे हजारपट वाढ, साउंडवाल्यांच्या भाषेत साठ डेसिबल. आणि अँप्लिफायरला आवडनिवड नसते. मुरकी हजारपट करतो तसा ट्रान्सफॉर्मरचा मायक्रोव्होल्टही हजारपट करतो. म्हणून प्रीअँप बांधायचा म्हणजे खरं तर त्याचा पॉवर सप्लाय बांधायचा. आवाजाचं सर्किट एका छोट्या बोर्डावर मावतं. उरलेली मेहनत त्याला स्वच्छ वीज पाजण्याची.

१५-०-१५ चा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन बाजूंना २२०० मायक्रोफॅरडचे कन्डेन्सर, मग अधिक बाजूला ३१७ आणि उणे बाजूला ३३७ रेग्युलेटर. हे दोघे दिसायला जुळे भाऊ, पण पाय वेगळे: एकाचा मधला पाय आउटपुट, दुसऱ्याचा मधला पाय इनपुट, आणि पाठीचा पत्रा मधल्या पायाला जोडलेला. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवलं तर धूरच. काकांच्या दुकानातली एक शिस्त मी अजून पाळतो. नवी जोडणी थेट प्लगला लावायची नाही. आधी सिरीज बोर्डावर, साठ वॅटच्या बल्बमधून. बल्ब क्षणभर लुकलुकून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट. माझा बल्ब मंदावला. आयसीचे सॉकेट अजून रिकामेच होते. त्यांच्या सातव्या आणि चौथ्या पायावर मीटर लावलं: अधिक पंधरा, उणे पंधरा. मग ५५३४ आयसी बसवले.

कन्डेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची फँटम वीजही ठेवली. हा ४८ चा आकडा नॉर्वेच्या हिवाळ्यातून आलेला आहे. १९६६ साली नॉयमान कंपनी नॉर्वेच्या नभोवाणीला नवे ट्रान्झिस्टर माइक देत होती. तिथं हिवाळ्यात दिवसाही उजेड अपुरा, म्हणून स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची मध्यवर्ती सोय आधीच होती. तीच माइकला दिली आणि पुढं जगभर तोच आकडा रुळला. ही वीज माइकच्या दोन्ही तारांना सारख्याच ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जाते. दोन्ही तारा समान व्होल्टेजवर असल्यामुळे डायनॅमिक माइकला तिचा पत्ताही लागत नाही. अट एवढीच की रेझिस्टरची जोडी एकमेकांशी ०.४ टक्क्याच्या आत जुळली पाहिजे. तापकीर गल्लीतले जुने पुडे त्या दिवशी कामाला आले. मीटरवर एकेक मोजत मी जुळी भावंडं शोधत बसलो.

डबा तयार झाला. ऑसिलोस्कोपवर रेघ सरळ दिसत होती. गुरुजींनी हेडफोन लावला, समोर तंबोरा ठेवला, पांढरी एकच्या पट्टीतला. थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तंबोरा छान येतोय रे. पण तुझ्या पेटीचा पंचम चढा लागतो."

मी हसलो आणि मग कागद घेतला. पांढरी एकचा षड्ज साधारण १३०.८ हर्ट्झ. त्याखालचा पंचम त्याच्या पाऊणपट, ९८.१. माझी शिल्लक घरघर १०० ची. म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण तिसरा हिस्सा चढी, आणि पंचमाच्या तारेशी तिची सेकंदाला जवळजवळ दोन वेळा टक्कर. स्कोपवर मला रेघ सरळ दिसली ती माझ्या डोळ्यांपुरती. गुरुजी आकार बघत नव्हते, तो डोल मोजत होते.

शंभराची म्हणजे सप्लायची, हे ठरलेलं. माइकच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून इनपुट बंद केलं, घरघर तशीच. म्हणजे ती बाहेरून येत नव्हती. रेग्युलेटरचं आउटपुट मोजलं; स्वच्छ. मग उरली ग्राउंडची वाट. फिल्टरच्या कन्डेन्सरमध्ये भरणाऱ्या प्रवाहाचे झटके ज्या तारेनं ट्रान्सफॉर्मरकडे परततात, तिच्याच एका तुकड्यावरून आवाजाचं ग्राउंडही नेलेलं असलं, तर वाड्यातल्या सामाईक नळासारखं होतं: एकानं तोटी सोडली की दुसऱ्याची धार हलते. तारेचा रोध मिलिओहममध्ये असतो हे खरं, पण पुढं हजारपट वाढ बसलेली असते. दोन्ही कन्डेन्सरचे ग्राउंडकडचे पाय आणि ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप जाड तारेनं जवळच्या जवळ बांधले, आणि त्यांच्या पलीकडे एक वेगळा बिंदू धरून बाकी सगळी ग्राउंडं तिथूनच तारकेसारखी काढली. डाग देऊन झाले. शंभर गेली.

आणि तिच्या खालची पन्नास वर आली. ती आधीपासून होतीच, मोठ्या बहिणीच्या आडोशाला. ट्रान्सफॉर्मर हातानं गोल फिरवला तर ती कमीजास्त व्हायची, म्हणजे चुंबकी क्षेत्र. त्याला वेगळ्या डब्यात हलवलं, मीटरभर केबलच्या पलीकडे. तर तिसरी बोलू लागली: लॅपटॉपला चार्जर लावला की येणारी, बॅटरीवर चालवला की जाणारी. ते अर्थिंगचं वेटोळं आउटपुटला छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून तोडलं. मग एका संध्याकाळी माइक न जोडताच शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकू आला. इनपुटचा ट्रान्झिस्टर जवळच्या मीडियम वेव्हचा रेडिओ झाला होता. पिकोफॅरडवाले दोन कन्डेन्सर सॉकेटच्या अगदी तोंडाशी बसवले आणि सोयाबीनचा सल्ला थांबला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपण समजतो, दोष एक असतो आणि तो काढला की काम फत्ते. प्रत्यक्षात दोष थरांनी असतात, आणि वरचा थर खालच्याला झाकून धरतो. काकांच्या अँप्लिफायरमध्ये हे चारही दोष असणार. पण वरची घरघर इतकी दांडगी होती की बाकीच्यांना तोंड उघडायला जागाच नव्हती. डबा जितका शांत होत गेला तितक्या मला त्यातल्या तक्रारी जास्त ऐकू येऊ लागल्या. बिघाड वाढत नव्हता, माझं ऐकणं खाली उतरत होतं.

तळ कुठं आहे हेही ठरलेलं आहे. कोणत्याही रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेनं हलत राहतात आणि ती हालचाल आवाज करते. बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन्सन यांनी ती मोजली आणि नायक्विस्ट यांनी तिचं सूत्र मांडलं. दोघांचे निबंध १९२८ सालचे. दीडशे ओहमचा माइक काहीही न ऐकता नुसता खोलीत पडून राहिला, तरी ऐकू येण्याच्या पट्ट्यात त्याच्या टोकांवर ०.२२ मायक्रोव्होल्ट असतातच. तो सुळसुळ आवाज कोणत्याही कारागिराला काढता येत नाही. आपण फक्त त्यात आपली भर कमी घालायची. माझ्या वयामुळे त्यातला वरच्या टोकाचा भाग मला आता ऐकूच येत नाही, तेव्हा तेवढी सवलत निसर्गानं आधीच दिलेली आहे.

याच शोधाशोधीत दर्ग्यातल्या पाचव्या तारेचं कोडं सुटलं. देशाची वीज आज एका ठेक्यात चालते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एक झालं. आता आवर्तनं ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राखायची असतात. कोयनेचं जनित्र आणि तमिळनाडूतलं औष्णिक केंद्र एकाच लयीत फिरतं. माझ्या लहानपणी असं नव्हतं. विजेचा तुटवडा कायमचा. मागणी वाढली की जनित्रं जड व्हायची आणि आवर्तनं ४९ पर्यंत, कधी त्याखालीही उतरायची. आता ४९ ची दुप्पट करून बघा: ९८. पांढरी एकच्या तंबोऱ्याचा पंचम. ज्या रात्री ग्रिड दमलेलं असेल आणि गवई पांढरी एकमध्ये गात असेल, त्या रात्री काकांच्या अँप्लिफायरची घरघर अगदी सुरात लागत असणार. मुलाच्या कानानं तिला पाचवी तार धरलं ते उगाच नव्हतं. तुटवडा संपला, वीज सरळ झाली आणि घरघर बेसूर झाली.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली. "म्हणजे सरकारनं पंचम चढवला म्हण की," ते म्हणाले आणि हेडफोन लावून तंबोऱ्यावर बोट फिरवलं. पंचम जागेवर होता. माझा डबा पास झाला असं मी धरलं, तेवढ्यात ते थांबले. "खर्जाची जवारी बसलीय. इतके दिवस कळलं नाही." मी ऐकलं. खर्जाची तार मध्येच बोथट होत होती. घोडीवर तारेनं घळ पाडली होती. तंबोरा सतारमेकर गल्लीत गेला, कारागिरानं घोडी घासून दोरा नव्यानं सरकवला, आणि खर्ज पुन्हा उघडा बोलू लागला.

मग गुरुजींनी यमनची बंदिश गायली. मी रेकॉर्ड केली आणि ऐकवली. प्रीअँप गप्प, तंबोरा चोख. पहिल्या अंतऱ्यापर्यंत त्यांनी मान डोलावली, आणि मग मला हातानं थांबवलं.

"माझा निषाद ऐकलास? लागतच नाहीये. तुझी घरघर होती तोवर भागून गेलं." त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "हे पुसून टाक. आता याची दुरुस्ती माझ्याकडे. पंधरा दिवसांनी डबा घेऊन ये."