बाद फेरी, बोस्टन आणि अण्णांची रमी

३ ऑक्टोबर २०२५. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, वेळ साडेपाच-पावणेसहा. अंबडमधलं आमचं घर. मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरची नवरात्रातली गर्दी ओसरलेली, रस्त्यावर शांतता. आणि मी ओसरीत पांघरूण गुंडाळून मोबाइलवर बेसबॉल बघतोय.

अण्णा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"हे काय लावलं रे सकाळी सकाळी?"

"बेसबॉल आहे अण्णा. बोस्टन आणि न्यूयॉर्क."

त्यांनी जरा वेळ वाकून बघितलं. "म्हंजे इटी-दांडू." मग दोन घोट घेऊन सहज विचारल्यासारखं, "पैसेबिसे नाही ना लावले?"

"नाही हो," मी म्हटलं.

ते खरं होतं. त्या मॅचपुरतं तरी नक्कीच खरं होतं. त्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी थोडी मतं ऐकून घ्या, कारण क्रीडाप्रेमी माणसाला मतं नसतील तर तो नुसता प्रेक्षक.

मत पहिलं : बाद फेरी हा अन्याय आहे, आणि तो हवाच

तुम्ही म्हणाल, अंबडच्या पोराला बोस्टनचं काय पडलंय? अहो, पुण्याच्या आयटीतली माणसं आम्ही. क्लायंट ज्या गावचा, ती आपली टीम. आमचा बोस्टनचा. सोमवारचा कॉल रेड सॉक्स जिंकली असेल तर हसत सुरू होतो, हरली असेल तर थेट डेडलाइनवर येतो. दोन वर्षं हे सोसल्यावर मी स्वतःच्या तब्येतीसाठी स्कोअर बघायला लागलो आणि हळूहळू अडकलो.

बेसबॉलचा सीझन १६२ मॅचचा. इतकं खेळून बोस्टन प्लेऑफला पोचली, आणि पुढ्यात काय? यांकीजशी तीन मॅच. पहिली जिंकली, दुसरी हरली, आणि त्या पहाटे तिसरी ४-० अशी गेली. न्यूयॉर्कच्या एका नवख्या पिचरने आठ डावांत बारा जणांना चकवून बाद केलं. गंमत म्हणजे तो पोरगा मूळचा बोस्टनच्याच बाजूचा. घरचाच गडी परक्या टीमकडून खेळून घर बुडवतो, हे बघायला १६२ मॅच वाट बघायची!

पण मी तक्रार करणार नाही, कारण आपण पुणेकरांनी याहून वाईट भोगलंय. २०१७ ची आयपीएल आठवा. रायझिंग पुणे सुपरजायंटने साखळीत मुंबईला दोन्ही वेळा हरवलं. क्वालिफायर वनमध्ये वानखेडेवर जाऊन २० धावांनी हरवलं. म्हणजे तीनपैकी तीन. पण आयपीएलच्या नियमात पहिल्या दोन संघांना दुसरी संधी असते. मुंबई त्या दाराने परत आत आली आणि २१ मे रोजी हैदराबादला फायनलमध्ये आपल्याच समोर. मुंबईच्या १२९ धावा. शेवटच्या ओव्हरमध्ये ११ हव्या होत्या. पहिल्या बॉलला चौकार, पुढच्या दोन बॉलवर दोन विकेट, शेवटच्या बॉलवर चार हव्या. दोन काढल्या, तिसरीला रनआउट. पुणे १२८. एका धावेने गेलं! चारपैकी तीन वेळा जिंकलेला संघ रिकाम्या हाताने घरी.

अन्यायच ना? पण बाद फेरी काढून टाका, नुसती गुणांची बेरीज ठेवा, मग मे महिन्यात कोण जागेल? २००४ मध्ये याच यांकीजविरुद्ध सात मॅचच्या मालिकेत बोस्टन ०-३ ने मागे होती. तिथून चार सलग जिंकली. बेसबॉलमध्ये असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकली, १९१८ नंतर पहिल्यांदा. ८६ वर्षं! आजोबांनी वाट बघायची आणि नातवाने पेढे वाटायचे.

आणि जे म्हणतात की पाच दिवसांचं क्रिकेट न्यायाचं, त्यांनी २०२५ ची रणजी बघावी. तिथे सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावाची आघाडी बघतात. केरळने पुण्यात उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर किती आघाडी घेतली? एका धावेची. उपांत्य सामन्यात गुजरातवर? दोन धावांची. आणि तीही कशी, तर गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आदळून स्लिपच्या हातात गेला म्हणून. नऊ-दहा दिवसांच्या क्रिकेटचा निकाल एका हेल्मेटवर! फायनलला मात्र आपल्या विदर्भाने ३७ धावांची आघाडी घेतली आणि करंडक नागपुरातच ठेवला.

थोडक्यात काय, तर बाद फेरी चांगला संघ कोण हे सांगत नाही. त्या दिवशी कोण उभं राहिलं एवढंच सांगते. आयुष्यातही बऱ्याचदा तेवढंच विचारलं जातं.

मत दुसरं : कॉलेजचा खेळ कुणीच बघत नाही, हे पाप आहे

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या मॅचला मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाखावर माणसं बसतात. कॉलेजच्या मॅचला! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी आठवली. प्रेक्षक : एक चहावाला, दोन गाई, आणि सायकलवरून जाताना थांबलेला एक पोस्टमन.

पण कसला भारी संघ होता तो! मी चढाईचा गडी, बरा होतो. खरा हिरा होता आमचा डावा कोपरा. घोटा असा धरायचा की समोरचा मध्यरेषेकडे हात लांब करून नुसता मातीवर रेघोट्या ओढायचा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तो जालन्याच्या मार्केटला मोसंबीच्या आडतीवर कामाला लागून दोन वर्षं झाली होती. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने फायनल जिंकली, तेव्हा मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो कोपरा पाहिला का? पाय उशिरा टाकू राहिला होता." चॅम्पियन संघात चुका काढत होता, आणि खरं सांगतो, बरोबर काढत होता.

आमच्याच जिल्ह्याचा विजय झोल. २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१, आणि २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन. जालन्यासारख्या गावातून एखादा असा वर येतो, तेव्हा त्याच्या मागे न दिसलेले किती कोपरे राहून जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. माझं मत स्पष्ट आहे : तुमच्या कॉलेजची मॅच असेल तर एक शनिवार काढा आणि जा. मॉल कुठे पळून जात नाही.

मत तिसरं : पत्त्यांच्या खेळात सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे पानं टाकणं

आता येतो त्या प्रश्नाकडे.

अमेरिकन माणसाला पोकर तशी मराठवाड्यात रमी. अण्णांचा अड्डा आमच्याच ओट्यावर, दुपारी चारनंतर. एक निवृत्त गुरुजी, एक निवृत्त कंडक्टर, एक टेलरकाका आणि अण्णा. दोन कॅट, तेरा-तेरा पानं, गुण लिहायला जुनी शाळेची वही. पैसे नाहीत. हरेल त्याने चहा पाजायचा.

लहानपणी मी अण्णांच्या मागे बसून पानं बघायचो. वाईट हात आला की ते एकही पान न उचलता डाव सोडून द्यायचे. वीस गुण अंगावर. मला राग यायचा. "अण्णा, खेळा ना! जोकर येईल!" ते म्हणायचे, "येईल की. पण नाही आला तर ऐंशी बसतात." पहिल्याच फेरीत सोडलं तर वीस, मधे सोडलं तर चाळीस, हट्टाने बसून हरलं तर ऐंशीपर्यंत. सगळी रमी या तीन आकड्यांत आहे.

हे मला पाठ होतं. तरीही २०२३ मध्ये मी मोबाइलवर पैशांची रमी खेळायला लागलो. नाइट शिफ्ट, कॉल संपल्यावर झोप येत नाही, एकट्याची रूम. सुरुवातीला दोनशे-पाचशे, आणि जिंकलोही. तुमच्यापैकी कित्येकांना हा पहिला आठवडा माहीत असेल. पुढचं सांगत नाही, फक्त बेरीज सांगतो : सात महिन्यांत एक लाख बारा हजार.

बुद्धी कुठे गेली होती? मी स्वतःला सांगायचो, हा जुगार नाही, कौशल्य आहे. सुप्रीम कोर्टानेच १९६८ मध्ये म्हटलंय की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. पण एक साधा हिशेब मी, इंजिनिअर माणसाने, कधी मांडला नाही. समजा चार मित्र सारखेच हुशार, प्रत्येकाकडे हजार रुपये. दर डावाला प्रत्येकी शंभर, म्हणजे चारशे मध्ये. त्यातले दहा टक्के, चाळीस रुपये, खेळ चालवणाऱ्याचे. शंभर डाव झाले की चार हजार गेले. म्हणजे चौघांचे मिळून होते नव्हते तेवढे! कौशल्य कुणाचंही असो, जिंकला तो टेबल मांडणारा. अण्णांच्या ओट्यावर टेबल मांडणारा पाचवा माणूस नाही, म्हणून तिथे गेली वीस वर्षं चौघं खेळतायत आणि चौघांचीही घरं शाबूत आहेत.

ते पैसे कशाचे होते, तेही सांगतो. मोसंबीच्या बागेला नवं ठिबक करायचं होतं. मी अण्णांना शब्द दिला होता, मार्चमध्ये पाठवतो. मार्च २०२४ मध्ये मी फोनवर सांगितलं, "यंदा इन्क्रिमेंट झालं नाही अण्णा." ते म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी बघू." २०२३ चा पाऊस आमच्याकडे दगा देऊन गेला होता. त्या उन्हाळ्यात त्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवायला बघितली. चाळीस झाडं वाळली. मोसंबीचं झाड फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात. चाळीस झाडं म्हणजे नुसती चाळीस झाडं नसतात.

इन्क्रिमेंट झालं होतं. नऊ टक्के.

मी खेळणं थांबवलं त्याच एप्रिलमध्ये, कायदा व्हायच्या बरंच आधी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, कौशल्य असो की नशीब, सरसकट. ऑफिसमध्ये त्यावर तावातावाने चर्चा झाली. स्वातंत्र्य, नोकऱ्या, टॅक्स वगैरे. मी गप्प होतो. बंदीने सुटतं की दुसऱ्या दाराने परत येतं, हे पुढे कळेलच. मला एवढंच कळत होतं की माझ्याकडे सोडलेला खेळ होता, पण सांगितलेली गोष्ट नव्हती.

तर त्या पहाटे बोस्टन हरली. अण्णा गोठ्याकडून परत आले. "काय झालं तुमच्या इटी-दांडूचं?"

"हरलो."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही. एप्रिलपर्यंत घरी बसायचं."

आणि मग, का कुणास ठाऊक, मी बोलून गेलो. इन्क्रिमेंट, रमी, एक लाख बारा हजार, सगळं. अण्णांनी मधे एकदाही तोडलं नाही. कप खाली ठेवला, बराच वेळ बागेच्या दिशेला बघत राहिले. मी ओरड्याची वाट बघत होतो. ओरडा सोपा असतो हो.

शेवटी म्हणाले, "सात महिने बसलास तू. वाईट हातावर." आणि उठून आंघोळीला गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आईने दोनदा विचारलं, काय झालं. दोघांनीही सांगितलं नाही.

दुपारी चारला टेलरकाकांचा निरोप आला, आज येत नाही. चौथा गडी कमी. अण्णांनी वही उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये, बस."

गुरुजींनी पानं पिसली. माझ्या हातात काय आलं सांगू? एक सिक्वेन्स नाही, जोकर नाही, तीन राजे तीन टोकांना. मी एक मिनिट पानांकडे बघितलं आणि सगळी पालथी ठेवली.

"वीस लिहा," मी म्हटलं.

अण्णांनी लिहिले. संध्याकाळपर्यंत मी सपाटून हरलो आणि सगळ्यांना चहा पाजला. साठ रुपये. रमीत मी घालवलेले ते एवढेच पैसे, ज्यांचा मला पश्चात्ताप नाही.

नोव्हेंबरच्या पगारातून ठिबकचा पहिला हप्ता पाठवला. मेसेजच्या शेवटी मी लिहिलं, "इन्क्रिमेंटचे." अण्णांचं उत्तर आलं, "पोचले. टेलर आलाय, तुझी जागा गेली."