खरेदी

जानेवारी २०२३मध्ये लंडनच्या आमच्या चेल्सी क्लबाने खेळाडूंचं अख्खं दुकानच उचलायचं ठरवलं. मुद्रिकशी करार साडेआठ वर्षांचा! अहो, आमच्या मिक्सरचीसुद्धा एवढी गॅरंटी नाही. एन्झो फर्नांडेस १० कोटी पौंडांहून महाग. पण पोराचा पास बघितला की पैसे वसूल, हे मान्य. तरी मोसमाअखेर आम्ही १२वे! मग सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीकडून अवघ्या सव्वाचार कोटींत कोल पामर आणला, आणि त्या गड्याने पहिल्याच मोसमात लीगमध्ये २२ गोल ठोकले. सेलच्या ढिगात पैठणी सापडावी तसं झालं. पण त्याच उन्हाळ्यात, सहाव्या वर्षापासून घरात वाढलेला मेसन माउंट युनायटेडला विकून टाकला. पामरच्या गोलाला टाळ्या मी वाजवतोच. माउंटची १९ नंबरची जर्सी मात्र बोहारणीला द्यायची नाही, असं घरी बजावून ठेवलंय.